लस घेतली, कोविड होऊन गेला, तरी थकवा जात नाही: कोल्हापुरातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय, इचलकरंजीचं आयजीएम (इंदिरा गांधी मेमोरियल) रुग्णालय, गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय, तालुक्यातली ग्रामीण रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि खाजगी दवाखाने इथे काम करणाऱ्या सगळ्यांसाठी, कोविडनंतर रेंगाळणाऱ्या त्रासाबद्दल म्हणजे लाँग कोविडबद्दल हे पान आहे. डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, लॅब टेक्निशियन, वॉर्डातले मामा-मावशी, १०८ चे चालक आणि आशाताई हे सगळे यात आले. तपासणीची जागा हे पान घेणार नाही. तपासणीला जाताना काय विचारायचं, काय लिहून न्यायचं आणि ड्यूटीवर स्वतःला कसं सांभाळायचं, हे कळावं म्हणून ते लिहिलं आहे.

कोविड होऊन महिना झाला, अजून धाप लागते. हा लाँग कोविड का?

महिनाभरात तसं म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये याची व्याख्या केली. कोविड झालेला असावा किंवा होऊन गेल्याची दाट शक्यता असावी. आजार सुरू झाल्यापासून साधारण ३ महिन्यांनी लक्षणं असावीत. ती किमान २ महिने टिकलेली असावीत. आणि दुसऱ्या कोणत्याही आजाराने त्यांचा उलगडा होत नसावा. व्याख्येतला हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच विसरला जातो.

पहिले ४ आठवडे हे आजारातून उठण्याचे दिवस. ४ ते १२ आठवडे नोंद ठेवायची, लक्षण वाढत असेल तर दाखवायचं. १२ आठवड्यांनंतरही तेच चालू असेल तर नीट तपासणी करून घ्यायची. पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात असलाच पाहिजे असं नाही. २०२० च्या सुरुवातीला तपासण्याच कमी होत होत्या. वॉर्डात ड्यूटी होती, ताप आला, वास गेला, एवढा इतिहास डॉक्टरांना पुरतो.

दोन्ही डोस घेतले होते, मग त्रास राहिला कसा?

लसीचं पहिलं काम गंभीर आजार आणि मृत्यू टाळणं. संसर्ग पूर्ण थोपवणं तिला जमत नाही, विशेषतः विषाणूचं रूप बदलल्यावर. पण लस घेतलेल्या शरीरात विषाणू लवकर आटोक्यात येतो, कमी दिवस राहतो, दाहही कमी होतो. रेंगाळणाऱ्या लक्षणांमागे उरलेले विषाणूचे अंश, भरकटलेली प्रतिकारशक्ती, रक्तवाहिन्यांच्या आतल्या थराची इजा आणि हृदयगती सांभाळणाऱ्या मज्जातंतूंचा बिघाड, अशी कारणं मानली जातात. पहिला तडाखा सौम्य असला की या सगळ्याला वाव कमी मिळतो. धोका घटतो, पण शून्यावर येत नाही.

आपल्याकडच्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत डोसच्या तारखाही पाहायला हव्यात. १६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासूनच. तेव्हा कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर ४ ते ६ आठवडे होतं. मे २०२१ मध्ये ते १२ ते १६ आठवडे झालं. म्हणजे सगळ्यात आधी लस घेतलेल्या सिस्टर आणि डॉक्टरांना सगळ्यात कमी अंतराने डोस मिळाले, आणि लगोलग डेल्टाची लाट आली. प्रिकॉशन डोस, म्हणजे तिसरा डोस, सुरू झाला १० जानेवारी २०२२ ला, तोही दुसऱ्या डोसनंतर ९ महिन्यांनी. तोवर ओमायक्रॉन दारात उभा होता आणि पहिल्या डोसांची धार उतरली होती. लस घेऊनही कोविड झालेल्यांनी स्वतःला किंवा लसीला दोष देण्याआधी हा क्रम डोळ्यांसमोर आणावा.

लसीमुळे लाँग कोविडचा धोका नेमका किती कमी होतो?

एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अभ्यास वेगळा की आकडा वेगळा, आणि त्याला कारणं आहेत.

आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास इटलीचा आहे. तिथल्या ९ रुग्णालयांतले २,५६० कर्मचारी त्यात होते आणि मार्च २०२० ते एप्रिल २०२२ एवढा काळ पाहिला गेला. रुग्णालयात भरती न होता घरीच कोविड काढलेले ७३९ जण निघाले. त्यांतल्या २२९ जणांना, म्हणजे सुमारे ३१ टक्क्यांना, ४ आठवड्यांहून जास्त काळ काही ना काही लक्षण राहिलं. लस न घेतलेल्यांत हे प्रमाण ४१.८ टक्के, एक डोस घेतलेल्यांत ३०, दोन डोसवाल्यांत १७.४ आणि तीन डोसवाल्यांत १६ टक्के होतं.

आकडे बोलके आहेत, पण तीन गोष्टी लक्षात ठेवूनच वाचायचे. तिथे लस फायझरची होती. ते टक्के कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिनला जसेच्या तसे लावता येत नाहीत. ४ आठवड्यांची मोजपट्टी सैल आहे. ३ महिन्यांची लावली तर सगळेच आकडे खाली येतील. आणि लस न घेतलेले बहुतेक जण पहिल्या लाटेत आजारी पडले होते, तीन डोसवाले ओमायक्रॉनच्या लाटेत. त्यामुळे श्रेय लसीचं किती आणि बदललेल्या विषाणूचं किती, हे पूर्ण वेगळं करता येत नाही.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरच्या २०२२ च्या अभ्यासात लसीनंतर झालेल्या कोविडमध्ये धोका फक्त सुमारे १५ टक्क्यांनी कमी दिसला. तिथल्याच २०२४ च्या मोठ्या अभ्यासात वर्षभरात दर १०० बाधितांमागे रेंगाळणारा आजार ओमायक्रॉनच्या काळात लस न घेतलेल्यांत ७.७६ आणि घेतलेल्यांत ३.५० निघाला. ब्रिटनमध्ये २०२१ साली दोन डोसवाल्यांत २८ दिवसांहून जास्त लक्षणं राहण्याची शक्यता जवळपास निम्मी आढळली. या सगळ्याचं सार काढायचं तर: फायदा खरा आहे, मध्यम आहे, आणि दोन डोसांनी त्यातला मोठा वाटा मिळतो.

सामान्य माणसापेक्षा आरोग्य कर्मचाऱ्यांत हा त्रास जास्त का दिसतो?

पुन्हा पुन्हा संसर्ग होतो, हे एक. प्रत्येक संसर्ग नव्याने धोका घेऊन येतो. अनेकांचा पहिला कोविड लस येण्याआधीचा, हे दुसरं. आणि आजारानंतर विश्रांती मिळाली नाही, हे तिसरं. २०२१ च्या उन्हाळ्यात विलगीकरण संपलं की दुसऱ्या दिवशी पीपीई किट घालून ड्यूटी, आणि जुलैमध्ये पंचगंगेचा पूर आला तेव्हा पुन्हा शिबिरांवर. शरीर सावरायचे दिवस कामात गेले. त्यातच आपल्या पेशात अंगावर काढायची सवय आहे. पेशंटला आठ दिवस आराम लिहून देणारा डॉक्टर स्वतः तिसऱ्या दिवशी ओपीडीत बसतो.

हा सगळा त्रास लसीचाच दुष्परिणाम नाही ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवू नये. त्याला उत्तर द्यावं.

लसीची नेहमीची रिॲक्शन म्हणजे दंड दुखणं, कणकण, अंगदुखी, डोकेदुखी. ती एक-दोन दिवसांत, फार तर आठवड्यात जाते. कोविशील्डसारख्या लसीनंतर रक्तातल्या प्लेटलेट घटून गुठळ्या होण्याचा फार दुर्मीळ आजार नोंदला गेला आहे. तो डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसतो, वर्षा-दोन वर्षांनी नाही. थोड्या लोकांनी लसीनंतर दीर्घकाळ थकवा आणि धडधड राहिल्याचं सांगितलं आहे आणि त्यावर संशोधन चालू आहे. अशा माणसाची तपासणी आणि काळजी लाँग कोविडसारखीच घ्यायची असते.

आपलं आपल्याला ताडून पाहायचं असेल तर एका कागदावर आडवी रेघ मारा. तिच्यावर डोसच्या तारखा, कोविडच्या तारखा आणि लक्षण सुरू झाल्याची तारीख टाका. बहुतेक वेळा लक्षण संसर्गाच्या मागोमाग आलेलं दिसतं. डोसच्या मागोमाग आलं असेल, तर लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनेची नोंद करायला तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा. ती नोंद व्हायलाच हवी.

लक्षणं चालू असताना डोस घ्यावा का? घेतल्याने बरं वाटेल का?

डोस हा लाँग कोविडवरचा उपचार नाही. लक्षणं असताना डोस घेतलेल्यांत काहींना बरं वाटलं, काहींचा त्रास वाढला, बऱ्याच जणांना काहीच फरक पडला नाही. डोस घ्यायचा तो पुढचा संसर्ग सौम्य जावा म्हणून. कोविडमधून नुकतेच उठला असाल तर थांबा. भारतात मे २०२१ पासूनची सूचना बरं झाल्यावर ३ महिने थांबण्याची होती. डोसच्या आधीचे दोन आणि नंतरचे तीन दिवस हलकी ड्यूटी मागून घ्या, नाइट नको. आधीच्या डोसला पुरळ, ओठ सुजणं, श्वास अडकणं असं झालं असेल तर त्याच प्रकारचा डोस पुन्हा घेऊ नका. आधी फिजिशियनना दाखवा.

आता नवीन डोस घ्यायची गरज आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या लसविषयक सल्लागार गटाने मार्च २०२३ मध्ये प्रत्यक्ष रुग्णसेवेतल्या कर्मचाऱ्यांना प्राधान्य गटात ठेवलं. मधुमेह, किडनीचा आजार, कॅन्सरचे उपचार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, गरोदरपण यांपैकी काही असेल तर फिजिशियनशी किंवा प्रसूतितज्ज्ञांशी जरूर बोला. धडधाकट तिशीतल्या कर्मचाऱ्याला तिसऱ्या डोसनंतरच्या आणखी डोसने लाँग कोविडपासून मिळणारं जादा संरक्षण थोडंच आहे. इटलीच्या आकड्यांतही दोन आणि तीन डोसांतला फरक तेवढाच होता.

कोणत्या तपासण्या करायच्या? फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेऊ का?

पॅकेज नको. लाँग कोविड सिद्ध करणारी एकही रक्ततपासणी नाही. तपासण्या करायच्या त्या दुसरा, बरा होण्यासारखा आजार लपून बसला नाही ना हे पाहायला. सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (किडनी), लिव्हर फंक्शन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी १२, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे. बहुतेकांना एवढ्यावर भागतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर एचबीए१सी फसवू शकतो. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर सोबत करा.

आपल्याकडे तीन गोष्टी हमखास निसटतात.

पहिली, क्षयरोग. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं यांतलं काहीही असेल तर बेडका तपासायला द्या आणि सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) करा. वॉर्डात काम करणाऱ्याला टीबीचा धोका तसाही जास्त असतो. ‘कोविडनंतरचा खोकला आहे’ म्हणत चार-चार महिने काढणं धोक्याचं.

दुसरी, स्टिरॉइडचा मागोवा. दुसऱ्या लाटेत बऱ्याच जणांना स्टिरॉइड मिळालं. त्यानंतर काही महिन्यांनी जांघेत दुखणं, लंगडणं, मांडी घालून बसता न येणं सुरू झालं, तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला असण्याची शक्यता आहे. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसतो, एमआरआयमध्ये कळतं. लवकर कळलं तर सांधा वाचवता येतो.

तिसरी, रक्तक्षय आणि थायरॉइड. पस्तिशीतल्या सिस्टरचं हिमोग्लोबिन ८ असताना तिचा थकवा कोविडवर ढकलला तर तिच्यावर अन्यायच होतो.

उगाच वारंवार डी-डायमर (रक्तातल्या गुठळ्यांची तपासणी), दर तीन महिन्यांनी सीटी स्कॅन, अँटीबॉडीची पातळी यांवर पैसे घालवू नका. अँटीबॉडी किती आहेत यावरून लक्षणं कधी जातील हे कळत नाही.

एक दिवस काम केलं की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. असं का?

हे साध्या थकव्यापेक्षा वेगळं आहे आणि ते ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं. साधा थकवा झोपेने जातो. इथे श्रम केल्यावर लगेच नाही, तर १२ ते ७२ तासांनी माणूस कोसळतो: अंग मोडून येतं, घसा दुखतो, डोकं जड होतं, बोललेलं कळत नाही. श्रम शरीराचेच असतात असं नाही. दोन तासांची मीटिंग किंवा ऑनलाइन एंट्रीही पुरते. चूक अशी होते की बरं वाटलेल्या दिवशी माणूस साठलेली सगळी कामं उरकतो आणि परवा पडतो. मग मधला श्रमाचा दिवस कारण म्हणून लक्षातच येत नाही.

हे तपासायला दोन आठवडे वही ठेवा. रोज चार ओळी पुरेत: झोप किती तास, काम काय आणि किती वेळ, पावलं किती, संध्याकाळी थकवा १० पैकी किती. १० पैकी ७ च्या वर गेलेल्या दिवसाच्या आदल्या दोन दिवसांत काय केलं होतं, ते मागे जाऊन पाहा.

मग मर्यादा आखायची. ज्या दिवसांनंतर कोसळला नाहीत, त्यांतल्या सरासरी कामाच्या तीन चतुर्थांशावर या आणि तिथेच दोन आठवडे थांबा. प्रत्येक ४० मिनिटांनंतर १० मिनिटं पाठ टेकून, मोबाइल बाजूला ठेवून पडा. दम लागण्याची वाट पाहू नका. विश्रांती आधी, थकवा नंतर. मनगटी घड्याळ नाडी दाखवत असेल तर सकाळी उठण्यापूर्वीच्या नाडीत १५ मिळवा आणि सुरुवातीला तो आकडा ओलांडू नका. ७२ असेल तर ८७. जिना चढताना तो ओलांडला जाणारच. मग जिन्यात मध्ये थांबा. वाढ करायची ती आठवडाभर एकदाही कोसळला नाहीत तरच, आणि एका वेळी एकच गोष्ट.

‘रोज थोडं थोडं वाढवा, रंकाळ्याला फेऱ्या मारा, पहाटे पन्हाळा चढा, स्टॅमिना येईल’ हा सल्ला असं कोसळणाऱ्या माणसाला घातक आहे. तो देणारे प्रेमानेच देतात, पण ऐकू नका. ज्यांना असं कोसळणं होत नाही, फक्त कमजोरी आहे, त्यांना मात्र हळूहळू वाढवलेला व्यायाम उपयोगी पडतो. म्हणूनच आधी वही, मग व्यायाम.

उभं राहिलं की धडधडतं, घेरी येते. ईसीजी नॉर्मल आहे. हे मनाचं आहे का?

मनाचं म्हणण्याआधी २० मिनिटांची एक चाचणी करा. साहित्य बीपीचं मशिन आणि ऑक्सिमीटर. सोबत एक माणूस हवाच, कारण चक्कर येऊ शकते. १० मिनिटं शांत आडवं पडा. नाडी आणि बीपी लिहा. मग उभं राहून पाठ भिंतीला टेकवा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. न बोलता, न हलता थांबा. १, ३, ५, ८ आणि १० मिनिटांनी नाडी आणि बीपी लिहा. मोठ्या माणसात नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून वरच राहिली आणि बीपी फारसं उतरलं नाही, तर उभं राहिल्यावर नाडी धावणारा विकार असू शकतो. वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर प्रकार वेगळा. दोन्ही वेळा तो कागद घेऊन मेडिसिन ओपीडीत जा. सकाळी चहा-कॉफी घेण्याआधी ही चाचणी केली तर निकाल जास्त खरा येतो.

तोवर दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी प्या, एका वेळी पोटभर जेवण्याऐवजी थोडं थोडं चार वेळा खा, मांडीपर्यंतचे घट्ट मोजे घाला, उभं राहताना पोटऱ्या आवळा. मीठ वाढवायचं ते फक्त बीपी, हृदय आणि किडनी ठीक असल्याची खात्री करून. बीपीची गोळी चालू असेल तर मुळीच नाही. नाडी कमी करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. दम्याच्या माणसाला त्यांतल्या काही गोळ्या महागात पडतात.

औषधांचे डोस काढताना गोंधळ होतो. भीती वाटते. काय करू?

ही भीती योग्य आहे. ती लपवली तर धोका पेशंटला आहे. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड आणि मिलिग्रॅम प्रति किलोचे लहान मुलांचे डोस, ही चार कामं दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय करू नका. हिशेब मनात न करता कागदावर करा. फोनवर आलेली ऑर्डर परत वाचून दाखवा. औषधांच्या ट्रॉलीवर असताना कुणी हाक मारली तर हातातलं औषध पूर्ण द्या किंवा सुरुवातीपासून पुन्हा करा. ड्यूटी बदलताना तोंडी निरोप नको, लेखी द्या. अवघड कामं ड्यूटीच्या पहिल्या दोन तासांत उरका. इन्चार्ज सिस्टरना हे सांगण्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. तपासणीत बी १२, थायरॉइड, झोपेत घोरून श्वास अडकणं आणि नैराश्य या चारही गोष्टी पाहून घ्या, कारण चारही अशीच बधिरता आणतात आणि चारही उपचाराने सुधारतात.

ऑक्सिजन ९८ दाखवतो, तरी श्वास पुरत नाही.

बसल्या जागी ९८ असणं पुरेसं नाही. हात नसलेल्या खुर्चीवरून एका मिनिटात जमेल तितक्या वेळा उठा-बसा. आधी, लगेच नंतर आणि पुढची दोन मिनिटं ऑक्सिजन पाहा. ३ अंकांनी किंवा जास्त उतरला तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा. बसल्या जागी ९४ च्या खाली असेल, छातीत दुखत असेल किंवा श्रमानंतर कोसळत असाल तर ही चाचणी घरी करू नका. बोटावर काळसर मेंदी किंवा नेलपेंट असेल, हात गार असतील तर मशिन चुकीचा आकडा दाखवतं.

ऑक्सिजन उतरत नाही आणि एक्स-रेही साफ आहे, तर बऱ्याचदा श्वास घ्यायची पद्धत बिघडलेली असते: छातीने, भराभर, तोंडाने. पोटावर हात ठेवून नाकाने ४ मोजेपर्यंत आत, ओठ आवळून ६ मोजेपर्यंत बाहेर. ५ मिनिटं, दिवसातून तीनदा. फुगे फुगवण्याचा आणि श्वास ओढून तीन चेंडू उचलायच्या यंत्राचा हट्ट इथे उपयोगाचा नाही.

वास अजून येत नाही.

लवंग, लिंबाची साल, गुलाब आणि निलगिरी तेल चार झाकणाच्या बाटल्यांत ठेवा. दिवसातून दोनदा, प्रत्येक वास २० सेकंद, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. हुंगताना तो वास आठवायचा प्रयत्न करा. किमान ३ महिने नियमाने करा. वास नसेपर्यंत घरात गॅस गळतीकडे दुसऱ्या कुणाला लक्ष ठेवायला सांगा.

सलाईन लावून घेतलं की दोन दिवस तरतरी येते. लावू का दर आठवड्याला?

नको. ज्यांची नाडी उभं राहिल्यावर धावते, त्यांना सलाईनने काही काळ बरं वाटतं, कारण रक्तवाहिन्यांत द्रव वाढतो. तेच काम पिण्याच्या पाण्याने आणि ओआरएसने होतं, शिरेला सूज आणि जंतुसंसर्ग न होता. सलाईनमध्ये मल्टिव्हिटॅमिन टाकल्याने रंग पिवळा होतो, एवढंच.

डेक्साचं इंजेक्शन तर अजिबात नको. तरतरी येते ती स्टिरॉइडची. मागे साखर, हाडं आणि संसर्ग यांचा हिशेब राहतो. आपल्या पेशात औषध हाताशी असतं, सहकारी नाही म्हणत नाही, आणि म्हणून ही चूक आपल्याकडेच जास्त होते. लाँग कोविडवर सिद्ध झालेलं खास औषध अजून नाही. आयव्हरमेक्टिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, अँटिबायोटिक यांचा उपयोग नाही. उपचार लक्षणांचा: झोपेचा, डोकेदुखीचा, नाडीचा, साखरेचा.

रजा आणि हलकी ड्यूटी कशी मागायची?

राज्य शासनाच्या नियमित कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. अर्जित रजा वर्षाला ३०, अर्धवेतनी रजा वर्षाला २०. वैद्यकीय प्रमाणपत्रावर अर्धवेतनी रजेची परिवर्तित रजा करून पूर्ण पगार मिळतो. मात्र एका दिवसामागे खात्यातून दोन अर्धवेतनी दिवस वजा होतात. कंत्राटी कर्मचाऱ्यांनी आपल्या नेमणूक आदेशातली रजेची अट वाचावी. खाजगी रुग्णालयात ज्यांच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो, त्यांनी आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात सुमारे ७० टक्के वेतन वर्षाला कमाल ९१ दिवस मिळू शकतं.

प्रमाणपत्रात नुसतं ‘लाँग कोविड’ लिहिलं की अर्ज फाइलमध्ये पडून राहतो. काय जमत नाही ते लिहून घ्या: ‘सलग २० मिनिटांहून जास्त उभं राहू शकत नाही, रात्रपाळी ६ आठवडे टाळावी, दिवसाला ४ तास बैठं काम करू शकतात, अमुक तारखेला फेरतपासणी.’ सोबत वहीची आणि चाचणीची झेरॉक्स जोडा. परत रुजू होताना पहिले दोन आठवडे एक दिवसाआड ४ तास, पुढचे दोन आठवडे रोज ४ तास, मग ६ तास. नाइट सगळ्यात शेवटी. बसून करायची कामं म्हणजे नोंदणी, फोनवरचं समुपदेशन, स्टॉक रजिस्टर. निर्जंतुकीकरण विभाग हलका समजून तिथे पाठवू नये. तिथे उष्णता आणि उभं राहणं दोन्ही आहे.

प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजच्या ५० लाखांच्या विम्याबद्दल बरेच जण विचारतात. तो कोविडने किंवा कोविड ड्यूटीवरच्या अपघाताने मृत्यू झाल्यास होता. रेंगाळलेल्या आजाराला लागू नव्हता.

आशाताईंना ना रजा, ना बैठं काम. त्यांनी काय करायचं?

मोबदला कामावर असल्याने घरी बसलं की पैसे जातात, हे खरं आहे. म्हणून कामाची मांडणी बदलावी लागते. लांबच्या वस्त्या आणि गावातली घरं एक दिवसाआड वाटून घ्या. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडकडच्या चढाच्या वाड्या एका दिवशी एकच, सकाळी, आणि परत येताना बसायची जागा आधीच ठरवलेली. पिशवीत त्या दिवशी लागेल तेवढंच. बाकी साहित्य अंगणवाडीत ठेवता येतं. फॉर्म उभ्याने भरू नका. पाण्याची बाटली रिकामी परत आली पाहिजे. जी कामं फोनवर होतात ती गटप्रवर्तकांशी बोलून फोनवर घ्या, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून त्रासाची लेखी नोंद करून ठेवा.

झोप लागत नाही, रडू येतं, वॉर्डातलं आठवत राहतं.

आजार खरा आहे आणि मनही दुखावलं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक कोणत्याही वेळी चालतो आणि मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटला तर त्याच क्षणी घरच्या माणसाला सांगा, एकटं राहू नका आणि जवळच्या रुग्णालयात जा.

पुन्हा कोविड होऊ नये म्हणून वॉर्डात काय पाळायचं?

एन९५ घट्ट बसला तरच एन९५. नाकपट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा, मास्कवर हात ठेवून जोराने श्वास सोडा. डोळ्यांकडे वारं आलं तर पट्टी पुन्हा दाबा, गालाकडून आलं तर पट्टे मागे ओढा. आत श्वास घेताना मास्क किंचित चेहऱ्याकडे ओढला गेला पाहिजे. दाढीवर तो बसत नाही. ओला झाला की टाका; आपल्या पावसात रेनकोटमधून उतरल्यावर हे हमखास होतं. पावसाळ्यात ओपीडीच्या सगळ्या खिडक्या बंद होतात आणि नेमका तेव्हाच खोकला वाढतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या वीतभर उघड्या ठेवा, एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा. चहाच्या खोलीत मास्क उतरतात, तिथे एका वेळी कमी माणसं बसा.

ओपीडीची वाट न पाहता कधी धावायचं?

बसल्या जागी ऑक्सिजन ९४ च्या खाली, छातीत दाबल्यासारखं दुखणं, शुद्ध हरपणं, थुंकीतून रक्त, एकाच पायाला सूज आणि पोटरी दुखणं, तोंड वाकडं होणं किंवा हातापायातली शक्ती जाणं. यांपैकी काहीही झालं तर १०८ लावा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

बरं व्हायला किती दिवस?

बहुतेकांचा त्रास महिन्यांत कमी होत जातो, काहींचा वर्षाच्या वर चालतो. सुधारणा सरळ रेषेत येत नाही. नवा ताप, पाळी, सलग जागरणं यांनी मधे मागे जाणं होतं. म्हणून कालच्या दिवसाशी तुलना न करता वहीतल्या मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करा. तीन महिन्यांत काहीच हललं नाही, किंवा नवं लक्षण आलं, तर आधीचे सगळे रिपोर्ट, लसीचं प्रमाणपत्र आणि वही घेऊन पुन्हा दाखवा, आणि ‘कोविडचंच असेल’ असं कुणी म्हटलं तरी नव्या लक्षणाची नव्याने तपासणी मागा.